मागची लांबी

दिशदाशा बेतताना उंचीची दोन मापं घ्यावी लागतात:
गळ्याच्या खळगीपासून घोट्यापर्यंत एक,
आणि मानेच्या मणक्यापासून खाली, मागची.
सरळ माणसाची दोन्ही जवळजवळ सारखी भरतात.
वाकलेल्याला मागे कापड जास्त लागतं.
ते नाही दिलं तर घेर मागून उचलला जातो,
टाचा उघड्या पडतात,
आणि दोष शिंप्याचा.

बावीस वर्षं या गावात लोकांच्या पाठी वाचतोय.
गावाचं नाव सूर.
आमच्या भाषेतला अर्थ एकदा गिऱ्हाइकाला सांगितला,
तर म्हणाला, मग आधी दुकानातला रेडिओ दुरुस्त कर.

बँकेतला नासर, सत्तावीस वर्षांचा,
मान अशी पुढे, जणू खिडकीतून कुणी हाक मारलीय.
मागे पाऊण इंच जास्त.
मी बोलत नाही. टेप गुंडाळतो.
आकडा वहीला सांगायचा असतो, माणसाला नाही.

खमीस मात्र ऐंशीच्या घरातला, गलबतं बांधायचा,
उभा राहतो तो ओळंबा सोडल्यासारखा.
पुढे अठ्ठावन्न, मागे अठ्ठावन्न.
हे कसं, विचारलं,
तर म्हणाला, ओंडका उचलताना गुडघे वाकवायचो,
पाठ नाही.
एवढंच. आणि चहात साखर जास्त मागितली.

गेल्या रमजानात ईदची घाई,
रात्री दोन-दोनपर्यंत मशीन.
उजव्या हाताला मुंग्या, घास छातीशी अडायचा,
श्वास वरच्या वरच, उथळ,
एकदा कात्री हातातून निसटून पायाशी पडली.
मी बाम बदलले, उशी बदलली,
देव बदलायचा तेवढा राहिला होता.

मार्गशीर्षात येवल्याला पुतणीचं लग्न.
स्वतःसाठी सदरा काढला.
पण स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही.
टेप शफिकुलला दिली,
चार महिन्यांचा शिकाऊ, अजून नुसती काजं करतो.
त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. गप्प.
'सांग की.'
'उस्ताद, टेप सरकली असेल.'
'आकडा सांग.'
'दीड इंच.'

दीड इंच म्हणजे किती ते शिंप्यालाच विचारावं.

दवाखान्यातली लिसम्मा माझी छायाचित्रं दिव्यापुढे धरून म्हणाली,
मणके ठीक आहेत,
तुमच्या मशीनची उंची आजारी आहे.

खमीसनं सागाचे चार ठोकळे करून आणले,
मशीनच्या चार पायांखाली एकेक.
पैसे घेतले नाहीत.
गलबतसुद्धा आधी ठोकळ्यांवरच उभं राहतं, म्हणाला.

पहिला आठवडा अंगानं माझ्याशी भांडण काढलं.
सरळ बसणं म्हणजे शिक्षा,
मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखी.
शफिकुल नमाजाला जातो तेवढा वेळ
मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो:
टाचा टेकल्या, ढुंगण टेकलं, खांदे टेकले,
डोकं टेकायला दोन महिने लागले.

ते टेकलं त्या दुपारी
समोरच्या गच्चीवरून पलीकडे
खडकावरचा एक बुरूज दिसला.
शफिकुल म्हणाला, तो होताच की, उस्ताद.

आता घास नीट उतरतो.
श्वास बेंबीपर्यंत जाऊन येतो.
संध्याकाळी माझा आवाज मलाच जरा मोठा वाटतो,
गिऱ्हाइकांना वाटत असेल भाव वाढवला.

लग्नात बहिणीनं सदऱ्याचं मागचं टोक ओढलं.
'शिंप्याचा सदरा, आणि मागून लोंबतो?'
मी म्हटलं, कापड बरोबर आहे गं,
आतला माणूस कमी-जास्त झालाय.

पाऊण इंच गेलं. पाऊण अजून आहे.
दर शुक्रवारी शटर अर्धं ओढून
शफिकुल मोजतो,
आणि हल्ली आकडा मोठ्यानं सांगतो.